अंतराळयानाच्या मॉडेलमध्ये दिवे बसवताना

प्लॅस्टिकचे अंतराळयान नुसते जोडायचे असेल, तर किटमधल्या सूचनापत्रकाचा क्रम पाळला की काम भागते. त्यात दिवे बसवायचे ठरले की तो क्रम कामाचा राहत नाही, कारण सूचनापत्रक यानाचा बाहेरचा आकार उभा करण्याच्या हिशेबाने लिहिलेले असते आणि दिव्यांचे काम आतून बाहेर येत जाते. यानाचे वरचे आणि खालचे कवच एकदा चिकटले, की आत सुटलेली एक तारही पुन्हा जोडता येत नाही. त्यासाठी सांधा फोडावा लागतो आणि रंगाची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून गोंदाचा पहिला थेंब लावण्यापूर्वी कोणता दिवा कुठे असेल, त्याची तार कोणत्या वाटेने खाली येईल आणि प्रकाश कुठे अजिबात दिसता कामा नये, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर तयार असली पाहिजेत. यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि नवखी माणसे नेमका त्याचाच विचार सर्वांत शेवटी करतात.

यानाची निवड

उदाहरणासाठी ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेतील एन्टरप्राइझ हे यान घेऊ. पुढचा बशीच्या आकाराचा भाग, खालचे निमुळते धड आणि मागे दोन खांबांवर पेललेली लांबट इंजिने अशी या यानाची रचना असल्यामुळे दिव्यांच्या बहुतेक सगळ्या अडचणी त्यात एकत्र भेटतात. एएमटी कंपनीने या यानाचे किट १९६६ मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी काढले आणि त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत छोट्या बल्बांची सोय होती. तेव्हा यान उजळवण्याची हौस या किटइतकीच जुनी आहे.

यानाची लांबी २८९ मीटर मानली जाते. त्या हिशेबाने १:१००० प्रमाणातले मॉडेल सुमारे २९ सेंटिमीटर, १:६५० चे सुमारे ४५ सेंटिमीटर आणि १:३५० चे ८० सेंटिमीटरहून थोडे अधिक लांब होते. सर्वांत मोठ्या मॉडेलमध्ये हात घालायला ऐसपैस जागा असते, पण मुंबईच्या वन बीएचकेमध्ये एवढी लांब मोकळी फळी आधी शोधावी लागते. सर्वांत लहान मॉडेलचे इंजिनांचे खांब इतके बारीक असतात की त्यांतून दोन तारा नेणेही जिकिरीचे होते. पहिल्या प्रयत्नासाठी मधले माप योग्य आहे.

यान कोणत्या बाजूने पाहिले जाणार, हेही याच टप्प्यावर ठरवावे. मालिकेच्या चित्रीकरणासाठी बनवलेले सुमारे ३.४ मीटर लांबीचे मूळ मॉडेल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे. त्याच्या तारा डाव्या बाजूने आत नेलेल्या असल्यामुळे चित्रीकरण उजव्या बाजूनेच केले जात असे. आपल्याकडे शोकेस बहुधा भिंतीला लागूनच असते, त्यामुळे ही युक्ती आपल्यालाही जशीच्या तशी वापरता येते. जो सांधा नीट लपणार नाही असे वाटते किंवा जिथून तार बाहेर काढावी लागेल, ती बाजू भिंतीकडे ठेवावी.

साहित्य आणि हिशेब

दिव्यांचे सामान लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर मिळते. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून चालत जाता येते. मात्र रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. वॉर्म व्हाइट, कूल व्हाइट, लाल, हिरवे आणि अंबर (पिवळसर नारिंगी) अशा रंगांचे ३ मिलिमीटरचे एलईडी, अरुंद जागांसाठी ०६०३ मापाचे एसएमडी (पाय नसलेले, अगदी छोटे) एलईडी, प्रवाह मर्यादेत ठेवणारे पाव वॉटचे रेझिस्टर, दिवे लुकलुकवणारी ५५५ टायमर चिप, काही कपॅसिटर, सोल्डर न करता जोडणी करून पाहण्यासाठी ब्रेडबोर्ड, गरम केली की आक्रसून तारेवर घट्ट बसणारी हीट श्रिंक नळी, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न आणि साधा मल्टिमीटर एवढे एकाच फेरीत आणता येते. ०६०३ मापाचा एलईडी जेमतेम १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतो. हाताला सवय नसेल, तर आधीच तारा जोडून मिळणारे घ्यावेत. आतल्या जोडणीसाठी प्लॅस्टिकच्या आवरणाची जाड वायर नको. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी एनॅमल लावलेली तांब्याची बारीक तार घ्यावी. ३२ ते ३४ गेजची तार इंजिनांच्या खांबांतूनही सहज जाते. तिच्या टोकावरचे एनॅमल पात्याने नीट खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, हे लक्षात ठेवावे.

वीजपुरवठा ५ व्होल्टचा, म्हणजे मोबाइलच्या यूएसबी चार्जरचा ठेवावा. प्रत्येक घरात एखादा जुना चार्जर पडलेला असतो आणि ५ व्होल्टमध्ये बोटाला धोका नसतो. पॉवर बँक मात्र टाळावी, कारण इतका कमी प्रवाह पाहून अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात.

रेझिस्टरचा हिशेब सोपा आहे. पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून एलईडीला लागणारे व्होल्टेज वजा करावे आणि उरलेल्याला हव्या त्या प्रवाहाने भागावे. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. ५ मधून ३.२ गेले की १.८ उरतात, त्यांना ५ मिलिअँपिअरने, म्हणजे ०.००५ ने भागले की ३६० ओहम येतात, म्हणून बाजारात मिळणारा त्याच्या वरचा ३९० ओहमचा रेझिस्टर घ्यावा. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, त्यामुळे त्याचे उत्तर ६०० ओहम येते आणि ६८० चा रेझिस्टर चालतो. हे एलईडी २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह सोसतात, तरी मी मुद्दाम ५ धरतो. खिडक्या झगझगीत झाल्या की यान लहान वाटू लागते. मंद आणि स्थिर प्रकाशात ते प्रचंड वाटते.

प्रत्येक एलईडीला त्याचा स्वतंत्र रेझिस्टर द्यावा. एकाच रेझिस्टरवर लाल आणि पांढरा एलईडी समांतर जोडले, तर लाल एलईडी २ व्होल्टवरच सगळा प्रवाह ओढून घेतो आणि पांढरा पेटतच नाही. एलईडीचा लांब पाय धन बाजूचा असतो. पाय कापल्यावर ही खूण नाहीशी होते, म्हणून कापण्यापूर्वी धन तारेला लाल हीट श्रिंक चढवावी.

आधी अंधार

किटचे पांढरे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, प्रकाश अडवत नाही. याची खात्री करायची असेल, तर पेटता एलईडी यानाच्या अर्ध्या कवचात ठेवून रात्री बाथरूमचा दिवा मालवावा. सगळे कवच पिवळसर उजळते, जिथे प्लॅस्टिक पातळ आहे तिथे जास्त उजळते, आणि आतल्या बाजूच्या खुंट्या व मजबुतीच्या पट्ट्या काळ्या सावल्यांसारख्या बाहेर उमटतात. बाहेरून राखाडी रंगाचे दोन हात दिले तरी हा उजेड पूर्णपणे थांबत नाही. अशा यानात कितीही सुंदर खिडक्या कोरल्या तरी त्या उठून दिसत नाहीत, कारण खिडकीला खिडकीपण तिच्या आजूबाजूच्या काळोखामुळेच येते.

म्हणून किटमधले सगळे भाग भांड्यांच्या सौम्य साबणाने धुऊन वाळवावेत आणि कवचाला आतून काळ्या रंगाचे दोन हात द्यावेत. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. त्यानंतर काळ्यावर पांढऱ्याचा एक हात द्यावा. काळा रंग प्रकाश अडवतो आणि पांढरा तो आतल्या आत परतवतो, त्यामुळे कमी एलईडींमध्ये प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो. रंग देण्याआधी जिथे गोंद लागणार आहे त्या कडांवर मास्किंग टेप लावावी. प्लॅस्टिकचे पातळ सिमेंट दोन्ही कडा किंचित विरघळवून त्यांना एकजीव करते; मध्ये रंगाचा थर आला की ते फक्त रंगाला धरते आणि सांधा पुढे कधीतरी सुटतो. टेप लावायची राहून गेली, तर पात्याने कडा खरवडून पांढरे प्लॅस्टिक दिसेपर्यंत साफ करावी.

काही जण स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल आत चिकटवतात. प्रकाश अडवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, पण ती विजेची वाहक असल्यामुळे एखादे उघडे सोल्डर तिला टेकले तर शॉर्ट होतो, आणि तो दोष कवच बंद झाल्यावर सापडत नाही. त्यापेक्षा रंगच बरा.

पुन्हा बाथरूममध्ये जाऊन तपासावे. या वेळी दोन्ही कवचे हाताने दाबून धरावीत आणि सांध्याच्या रेषेवर लक्ष ठेवावे. तिथे केसाएवढी उजळ रेघ दिसतेच. तिच्यावर उपाय म्हणून एका कवचाच्या आतल्या कडेला अर्धा मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची पट्टी अशी चिकटवावी की तिचा अर्धा भाग कडेच्या बाहेर राहील आणि दुसरे कवच तिच्यावर चढून बसेल. प्रकाशाची सरळ वाट त्यामुळे बंद होते आणि सांध्यालाही बळ येते.

खिडक्या

१:६५० प्रमाणात दीड मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक मीटर, त्यामुळे बहुतेक खिडक्यांना ०.८ ते १ मिलिमीटरचे भोक पुरते. छिद्रे पिन व्हाइसने, म्हणजे बारीक ड्रिल धरणाऱ्या छोट्या मुठीने, हाताने फिरवून पाडावीत. विजेच्या ड्रिलच्या वेगाने पॉलिस्टायरीन वितळते आणि भोकाला ओबडधोबड कड येते. आधी सुईने खूण करावी, म्हणजे ड्रिल घसरत नाही. छिद्रे पाडून झाल्यावर आतून ट्रेसिंग पेपरचा तुकडा फेविकॉलने चिकटवावा. त्याने प्रकाश विखुरतो आणि खिडकीतून एलईडीचा टोचणारा बिंदू दिसत नाही.

सगळ्या खिडक्या उजळू नयेत. रात्री अकराच्या सुमारास समोरच्या टॉवरकडे पाहिले तर कुठे ट्यूबलाइटचा निळसर पांढरा उजेड असतो, कुठे पिवळा दिवा असतो आणि बऱ्याच खिडक्या नुसत्या काळ्या असतात. म्हणूनच तो टॉवर वस्तीचा वाटतो. यानातही साधारण एकतृतीयांश खिडक्या आतून काळ्या टेपने बंद कराव्यात, आणि उरलेल्यांसाठी वॉर्म आणि कूल व्हाइट एलईडी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावेत. हे कप्पे काळ्या कार्डबोर्डच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांनी करता येतात. एवढ्या एका गोष्टीने मॉडेलची पातळी बदलते, आणि तिला खर्च जवळजवळ शून्य आहे.

बशीच्या कडेवरच्या अगदी बारीक दिव्यांसाठी ०.५ मिलिमीटरचा ऑप्टिकल फायबर वापरावा. तो फेविक्विकने चिकटवू नये. त्याने फायबर ठिसूळ होऊन मोडतो. फेविकॉल संथ आहे, पण सुरक्षित आहे. फायबरचे टोक कवचाबाहेर सेंटिमीटरभर तसेच सोडावे, त्यावरूनच रंग द्यावा आणि रंग वाळल्यावर धारदार पात्याने ते कवचाच्या पातळीत कापावे. कापलेले ताजे टोक आपोआप स्वच्छ उजळते, मास्किंगची गरजच पडत नाही.

लुकलुकणारे दिवे

यानाच्या डाव्या बाजूचा दिवा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा असतो. जहाजांचा हा संकेत विमानांनी उचलला आणि तिथून तो काल्पनिक यानांपर्यंत आला. सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला उतरणाऱ्या विमानांच्या पंखांवर तो रोज संध्याकाळी पाहायला मिळतो. डावे-उजवे नेहमी यानात बसून पुढे पाहणाऱ्याचे धरावे, समोर उभ्या असलेल्या प्रेक्षकाचे नव्हे.

हे दिवे लुकलुकवण्यासाठी ५५५ टायमर पुरतो. हान्स कामेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेली ही चिप १९७२ पासून विकली जाते आणि आजही अगदी स्वस्तात मिळते. पिन ८ आणि ४ धन टोकाला व पिन १ ऋण टोकाला जोडावी. पिन ८ आणि ७ यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर, पिन ७ आणि ६ यांच्यामध्ये ६८ किलोओहमचा रेझिस्टर, पिन २ आणि ६ एकमेकींना, आणि तिथून ऋण टोकाकडे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. कपॅसिटरची ऋण खूण ऋणाकडेच हवी. पिन ५ आणि ऋण टोक यांच्यात ०.०१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर दिला की चिप स्थिर चालते. या मापांनी दिवा साधारण अर्धा सेकंद लागतो आणि अर्धा सेकंद विझतो.

इथे एक बारकावा आहे. पुरवठा ५ व्होल्टचा असताना या चिपच्या पिन ३ वर, म्हणजे दिवा जिला जोडायचा त्या आउटपुटच्या पिनवर, ती ‘चालू’ असतानाही, पूर्ण ५ व्होल्ट येत नाहीत, साधारण ३.३ च्या आसपास येतात. पांढरा किंवा भडक हिरवा एलईडी पिन ३ आणि ऋण टोक यांच्यात लावला, तर तो त्यामुळेच मलूल दिसतो. तो धन टोक आणि पिन ३ यांच्यात, अर्थातच त्याच्या रेझिस्टरसह लावावा. मग पिन ३ खाली गेल्यावर तो पेटतो आणि पूर्ण तेजाने पेटतो. याच जोडणीत पहिला रेझिस्टर १०० किलोओहम आणि दुसरा ४.७ किलोओहम केला, की सुमारे पाऊण सेकंदाने एकदा क्षणभर चमकणारा पांढरा स्ट्रोब मिळतो.

इंजिनांच्या पुढच्या घुमटांत फिरता प्रकाश हवा असेल, तर ५५५ च्या मागे सीडी ४०१७ ही मोजणारी चिप लावून वर्तुळात बसवलेले पाच अंबर एलईडी एकामागून एक पेटवता येतात. ५ व्होल्टवर या चिपचा प्रवाह तुटपुंजा असल्यामुळे प्रत्येक एलईडीमागे एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर द्यावा, आणि सहावे आउटपुट रीसेटला जोडावे, म्हणजे फेरी पाचावरच पूर्ण होते. पारदर्शक घुमट आतून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून दुधाळ करावा. पहिल्याच यानात हे सगळे करण्याचा आग्रह मी धरणार नाही. घुमटात एक स्थिर अंबर एलईडीही शोभून दिसतो.

जोडणी, रंग आणि पावसाळा

सर्व सोल्डरिंग यानाच्या बाहेर, टेबलावर उरकावे. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपासच मऊ पडते आणि सोल्डर वितळायला त्याच्या जवळजवळ दुप्पट तापमान लागते. सोल्डरिंग झाल्यावर सांध्यावर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पुसून काढावा. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत तो ओलावा धरतो आणि तांबे हिरवे पडू लागते. सांधे हीट श्रिंकने झाकावेत, तारा फेविकॉलच्या थेंबांनी कवचाला बसवाव्यात, आणि त्यानंतर सगळे दिवे एक रात्रभर चालू ठेवावेत. जो एलईडी किंवा जो सांधा बिघडायचा, तो कवच उघडे असतानाच बिघडलेला बरा.

कवच बंद करताना पातळ सिमेंट ब्रशने सांध्यावर नुसते टेकवावे. ते आपोआप आत ओढले जाते. खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने असावा, कारण त्याची वाफ बंद खोलीत डोके धरते. पारदर्शक भागांना मात्र सिमेंट किंवा फेविक्विक लावू नये. फेविक्विकच्या वाफेने ते कायमचे धुरकटतात. तिथे फेविकॉलच वापरावे. सांधा किमान एक दिवस वाळू द्यावा, मग फटीत लांबी (पुट्टी) भरून ४०० आणि नंतर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून घासावे. पाण्याने धूळ उडत नाही, पण खिडक्यांतून पाणी आत जाऊ नये म्हणून त्यांवर आधी टेप लावावी, आणि अर्थातच पुरवठा बंद ठेवावा.

स्प्रे कॅनचा रंग जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो देऊच नये. मुंबईची हवा त्या दिवसांत इतकी दमट असते की लॅकर वाळताना त्यावर बाष्प धरते आणि पृष्ठभाग पांढुरका, धुरकट होतो. थांबणे शक्य नसेल, तर पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारी, गॅलरीत, हातभर अंतरावरून पातळ हात द्यावेत आणि रंगवलेला भाग सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेल्या झाकणाच्या डब्यात वाळवावा. खिडक्या कोरणे, सोल्डरिंग आणि तारा यांसाठी पावसाळा उत्तम आहे. रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत द्यावा.

डीकल, म्हणजे यानावरची अक्षरे व खुणा यांचे पातळ छापील तुकडे, लावण्याआधी ग्लॉस क्लिअरचा (चकचकीत पारदर्शक रंगाचा) हात हवाच. मॅट रंगाच्या खरखरीत पृष्ठभागावर डीकलखाली हवा अडकते आणि अक्षरांभोवतीची पारदर्शक कड चंदेरी दिसू लागते. डीकल पूर्ण वाळल्यावर सगळ्या यानावर मॅट क्लिअर द्यावे. खिडक्या भरण्याचे काम त्याच्याही नंतर करावे. टूथपिकच्या टोकावर फेविकॉलचा थेंब घेऊन तो भोकाच्या कडेवरून फिरवला, की पातळ पडदा ताणला जातो. सुरुवातीला तो दुधासारखा पांढरा दिसतो आणि वाळल्यावर काचेसारखा पारदर्शक होतो. आधी भरल्या तर मॅट क्लिअरने त्या आंधळ्या होतात.

स्टँड

यानाचा तोल ज्या बिंदूवर राहतो, तिथेच स्टँडचे भोक असावे. तो बिंदू रंगाआधी, तारा आत असताना, बोटावर तोलून शोधावा. पितळी नळी वापरल्यास तीच ऋण वाहक होते आणि बाकीच्या तारा तिच्या आतून वर जातात. नळीची वरची कड घासून गुळगुळीत करावी, नाहीतर तिथे तारेचे एनॅमल कापले जाऊन शॉर्ट होतो. ५५५ ची सर्किटची पाटी, रेझिस्टर आणि स्विच यानात न ठेवता स्टँडच्या लाकडी तळात ठेवावेत. टायमर किंवा कपॅसिटर पुढे कधी बदलावा लागला, तर तळाचे चार स्क्रू काढले की काम होते. त्याच झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणीचा नकाशा चिकटवावा आणि त्यावर प्रत्येक तारेचा रंग, तिचा रेझिस्टर आणि ती यानातल्या कोणत्या दिव्याकडे जाते हे पेनाने स्वच्छ लिहून ठेवावे.